व्हिएतनाम : शेतकऱ्याच्या खांद्यावरचा लढा

मीठ, दारू आणि अफू यांच्या सरकारी मक्तेदारीवर फ्रेंच इंदोचायनाचा खजिना पोसला जात होता. तांदळाची दारू घरी गाळण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची चाल गुन्हा ठरली, आणि गावाने सरकारी दारू किती उचलायची हेही अधिकारीच ठरवू लागले. १८५८ मध्ये दा नांगवर तोफा डागून सुरू झालेला हा अंमल १८८४ पर्यंत साऱ्या देशावर पसरला. शेतकऱ्याच्या वाट्याला तो आला मिठाच्या भावातून आणि डोईपट्टीतून. म्हणून हा लढा सेनापतींपासून सांगण्यापेक्षा शेतकऱ्यापासून सांगावा, असं मला वाटतं.

सुरुवातीचे लढे पंडितांचे होते. फान बोई चाऊ तरुणांना शिक्षणासाठी जपानला धाडत होते, तर फान चू त्रिन्ह आधी समाज सुधारा असं सांगत होते. आपल्याकडे मिठाचा सत्याग्रह पेटला त्याच १९३० साली येन बायच्या छावणीत व्हिएतनामी शिपायांनी बंड केलं. बंडाचे नेते न्गुएन थाय होक आणि त्यांचे बारा साथीदार गिलोटिनखाली गेले. त्याच वर्षी न्घे आन प्रांतात करांविरुद्ध निघालेल्या शेतकऱ्यांच्या मोर्चावर फ्रेंच विमानांनी बॉम्ब टाकले. हो ची मिन्ह याच प्रांतातले.

लढ्याला खरी कलाटणी दिली ती दुष्काळाने. १९४० मध्ये जपानी फौजा आल्या, पण कारभार फ्रेंचांकडेच राहिला. आता भात दोघांनाही हवा होता. उत्तरेत उभं पीक काढून ताग लावायला लावला गेला. अमेरिकी बॉम्बफेकीने रेल्वे तुटली, दक्षिणेचा तांदूळ उत्तरेला पोहोचेना. सायगॉनच्या वीजकेंद्रांत तर धान्य इंधन म्हणून जाळलं जात होतं. १९४४-४५ च्या त्या हिवाळ्यात किती माणसं गेली याचे अंदाज चार लाखांपासून वीस लाखांपर्यंत जातात. हो ची मिन्ह यांच्या व्हिएत मिन्ह या स्वातंत्र्यआघाडीने लोकांना सांगितलं, सरकारी कोठारं फोडा. लोकांनी ती फोडली. भाषणांनी जे साधलं नसतं ते त्या तांदळाने साधलं; उत्तरेतली गावंच्या गावं व्हिएत मिन्हच्या मागे उभी राहिली. २ सप्टेंबर १९४५ रोजी हनोईच्या बा दिन्ह चौकात हो ची मिन्ह यांनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला, त्यातही या भूकबळींचा उल्लेख आहे.

त्याच महिन्यात सायगॉनमध्ये जे घडलं त्याची आपल्याकडे फारशी चर्चा होत नाही, ती व्हायला हवी. ब्रिटिश जनरल ग्रेसी यांच्या हाताखालची विसावी भारतीय डिव्हिजन शरण आलेल्या जपान्यांची शस्त्रं काढून घ्यायला तिथे उतरली. ग्रेसींनी मात्र जपान्यांनी कैद केलेल्या फ्रेंच सैनिकांना शस्त्रं दिली, आणि पुढे जपानी सैनिकही व्हिएत मिन्हविरुद्ध वापरले. आपण स्वतः गुलाम असताना आपल्या जवानांकडून दुसऱ्याची गुलामी पुन्हा लादून घेतली गेली. नेहरूंनी याचा जाहीर निषेध केला होता.

मग आठ वर्षांचं युद्ध आणि दिएन बिएन फू. डोंगरांनी वेढलेल्या त्या खोऱ्यात जड तोफा आणता येणारच नाहीत, असा फ्रेंचांचा हिशेब होता. तोफा दोरखंडांनी ओढत डोंगरावर चढवल्या गेल्या. जानेवारी १९५४ मध्ये हल्ल्याची तयारी झालेली असताना व्हिएत मिन्हचे सेनापती जनरल जियाप यांनी तो थांबवला आणि त्याच तोफा पुन्हा मागे ओढायला लावल्या. थकल्या माणसांना असा हुकूम देणं सोपं नव्हतं; त्यांचा मोठेपणा मला इथेच दिसतो. रसद सायकलींवरून आली. हँडलला बांबू बांधायचा, सीटमागे काठी रोवायची आणि दोनशे किलोंहून अधिक ओझं लादून सायकल ढकलत न्यायची. १३ मार्चला हल्ला झाला, ७ मे रोजी ठाणं पडलं.

जिनिव्हा कराराने सतराव्या अक्षांशावर देश तात्पुरता दुभंगला. देखरेखीच्या आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे होतं, पण १९५६ च्या ठरलेल्या निवडणुका दक्षिणेतल्या ङो दिन्ह ज्येम सरकारने होऊच दिल्या नाहीत आणि अमेरिकेने त्याला पाठबळ दिलं. उत्तरेत त्याच सुमारास जमीनसुधारणेच्या नावाखाली निरपराधांनाही जमीनदार ठरवून मारलं गेलं. पक्षाला चूक कबूल करावी लागली, सरचिटणीस त्रुओंग चिन्ह यांना पद सोडावं लागलं. ज्याच्या बळावर लढा उभा राहिला त्या शेतकऱ्यालाच पक्षाच्या न्यायासनापुढे थरथरावं लागलं, हे लिहिताना मन जड होतं.

अमेरिकेशी झालेलं युद्ध बहुतेक वाचकांना ठाऊक आहे. ३० एप्रिल १९७५ रोजी सायगॉन पडलं, पुढल्या वर्षी देश एक झाला. परकी सत्ता गेली. दक्षिणेतले लाखो लोक मात्र ‘पुनर्शिक्षणा’च्या छावण्यांत डांबले गेले, आणि लाखो लोक मिळेल त्या होडीतून आपल्याच स्वतंत्र देशातून बाहेर पडले.