कुलूप शाबूत, तिजोरी रिकामी

जानेवारी २०२२ मध्ये आपल्या हैदराबादच्या महेश को-ऑपरेटिव्ह अर्बन बँकेवर दरोडा पडला. खिडकीचा गज वाकला नाही, तिजोरीवर ओरखडाही उठला नाही. शनिवार-रविवारची सुट्टी साधून चोरांनी बँकेच्या सर्व्हरमधून सुमारे १२ कोटी ४८ लाख रुपये बाहेर काढले. ही रक्कम आधी ११५ खात्यांत गेली, तिथून ३९८ खात्यांत पांगली आणि मग ९३८ एटीएममधून रोख काढली गेली.

तेव्हाचे पोलीस आयुक्त सी. व्ही. आनंद यांनी तपासानंतर जे सांगितले, ते प्रत्येक धंदेवाल्याने लक्षात ठेवावे असे आहे. नोव्हेंबर २०२१ मध्येच बँकेच्या कर्मचाऱ्यांना दोनशेहून अधिक फसवे ई-मेल आले होते. त्यातले दोघांनी उघडले. त्याबरोबर दूरवरून संगणक चालवता येईल असा एक प्रोग्राम आत शिरला आणि चोर दोन महिने आतली कामाची पद्धत बघत बसले. बँकेत सर्वाधिकार असलेली माणसे गरजेपेक्षा जास्त होती आणि त्यांच्यातल्या काहींचे पासवर्डही सारखेच होते. सायबर सुरक्षेचे नियम न पाळल्याबद्दल रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये या बँकेला ६५ लाखांचा दंड केला.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असे आपण म्हणतो. खरे तर ही ठेच आधीच लागलेली होती. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटींहून अधिक रुपये गेले होते. बनावट एटीएम कार्डांनी २८ देशांत पैसे काढले गेले आणि जवळपास १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. तिथेही सुरुवात शनिवारीच झाली होती.

‘या मोठ्या बँकांच्या गोष्टी. आमच्या दुकानाकडे कोण बघतोय?’ असे आपल्यापैकी अनेकांच्या घरी म्हटले जाते. कुणाचे कापडाचे दुकान आहे, कुणाचा दवाखाना, कुणाचे सीएचे ऑफिस, तर विटा-आटपाडीकडून आलेल्या कुणाची सोन्या-चांदीची गलाई. पण फसवे ई-मेल आणि मेसेज हजारोंनी सोडले जातात. ते जाळे आहे, त्यात मोठा मासा सापडतो तसाच लहानही. शिवाय लहान धंद्यात बँकेचा पासवर्ड, टॅलीचा हिशेब आणि घरच्यांचे फोटो बहुधा एकाच संगणकावर असतात.

आता चोरांची भाषाही सुधारली आहे. पूर्वी फसव्या ई-मेलमधले इंग्रजी वाचूनच शंका यायची. आता एआयच्या मदतीने शुद्ध मराठी किंवा तेलुगूतही मेसेज लिहिता येतो. आणि मेसेज ओळखीच्या नावाने आला, की माणूस पुढची शंका घेत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटमध्ये अदर पूनावाला यांच्या नावाने एका संचालकाला व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आला आणि सांगितलेल्या खात्यांत एक कोटीहून अधिक रुपये भरले गेले. मेसेज त्यांचा नव्हताच. २०२४ च्या सुरुवातीला अरुप या ब्रिटिश कंपनीच्या हाँगकाँग ऑफिसातल्या कर्मचाऱ्याला तर व्हिडिओ कॉलवर वरिष्ठ आणि सहकारी दिसलेसुद्धा! ते सगळे चेहरे आणि आवाज बनावट होते. त्या एका कॉलपायी दोनशे कोटी रुपयांहून अधिक रक्कम गेली.

यातल्या बहुतेक प्रकरणांत आतल्याच कुणीतरी विश्वासाने दार उघडले होते. म्हणून महागडे सॉफ्टवेअर घेण्याआधी काही सवयी लावून घ्यायला हव्यात.

पहिली सवय उलट फोन करण्याची. ‘आमचे बँक खाते बदलले आहे, यापुढे पैसे या खात्यात भरा’ असा व्यापाऱ्याचा मेसेज आला, तर त्यातल्या नंबरवर बोलू नये. आपल्या वहीतल्या जुन्या नंबरवर फोन करून खात्री करावी. ठरावीक रकमेच्या वरचा व्यवहार दोघांच्या संमतीशिवाय होऊ नये, मग मेसेज खुद्द बाबांच्या नावाने का आलेला असेना.

दुसरी, धंद्याचा संगणक धंद्यापुरताच ठेवण्याची. प्रत्येक कर्मचाऱ्याला त्याचा वेगळा पासवर्ड आणि त्याच्या कामापुरतेच अधिकार द्यावेत. ई-मेल आणि बँक खात्यांना पासवर्डखेरीज ओटीपीसारखा दुसरा टप्पा लावावा. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचे खाते त्याच दिवशी बंद करावे. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका किंवा ट्रॅफिक चलान म्हणून येणारी एपीके फाइल तर मोबाईलवर उघडूच नये.

तिसरी, हिशेबाची प्रत ठेवण्याची. रॅन्समवेअर आपल्या फाइलींना कुलूप घालते आणि किल्लीसाठी खंडणी मागते. ऑक्टोबर २०२० मध्ये डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीजसारख्या मोठ्या कंपनीलाही अशा हल्ल्यामुळे आपली डेटा सेंटर्स काही काळ वेगळी काढावी लागली होती. दर आठवड्याला हिशेबाची प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि डिस्क काढून कपाटात ठेवावी. ती संगणकाला जोडलेलीच राहिली, तर तिलाही कुलूप लागते. घेतलेली प्रत उघडते का, हेही अधूनमधून तपासावे.

एवढे करूनही पैसे गेलेच, तर लाजेखातर गप्प बसू नये. ताबडतोब १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करावा आणि आपल्या बँकेलाही कळवावे. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळत असतात. तक्रार लवकर गेली, तर ते वाटेतच गोठवता येण्याची शक्यता असते. आपल्याकडे तेलंगणा सायबर सिक्युरिटी ब्युरो हे काम पाहते. अशा हल्ल्याची माहिती सहा तासांच्या आत ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेला देण्याचा नियमही २०२२ पासून आहे.

आता हे तरुण वाचकांसाठी. तुमच्यापैकी कित्येकजण हायटेक सिटी किंवा गच्चीबावलीत नोकरी करता. तिथे दर काही महिन्यांनी सायबर सुरक्षेचे प्रशिक्षण होते, कंपनी मुद्दाम खोटे ई-मेल पाठवून तुमची परीक्षा घेते. बाबांच्या दुकानातल्या किंवा काकांच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरसाठी मात्र असे कुणी नाही. पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला असतो आणि अपडेटची सूचना महिनोन्महिने ‘नंतर’वर ढकललेली असते.

येत्या रविवारी तासभर काढून दुकानात जा. अपडेट करा, पासवर्ड बदला, हिशेबाची प्रत घ्या आणि १९३० हा नंबर गल्ल्याजवळ मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. बाबांना चुका दाखवत बसू नका, उलट फोन का करायचा तेवढे नीट समजावून सांगा. माणूस पारखूनच त्यांनी इतकी वर्षे धंदा केला आहे. पारखायची नवी रीत एकदा कळली, की ती ते तुमच्याइतकीच काटेकोरपणे पाळतील.