आपण सांगितलेल्या माहितीचं पुढे काय होतं?



देवरहाटीत झाडं कोणती, कुठल्या पाल्याचं औषध करतात, असं विचारायला अभ्यासक गावात येतात. हातातलं काम ठेवून आपण सांगतो. ते लिहून घेतात, जातात. मग गटाच्या बैठकीत प्रश्न निघतोच, "त्याचं पुढे काय झालं?" प्रश्न रास्त आहे. आज त्याबद्दलच बोलू.

माहिती एकाच्याच कपाटात राहिली तर तिचा उपयोग एकदाच होतो. सर्वांसाठी खुली केली तर पुन्हा पुन्हा होतो. उदाहरण देवरायांचंच घ्या. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला. त्यावरचे लेख १९७५ आणि १९७६ साली छापून आले. १९८१ मध्ये महाराष्ट्रातल्या देवरायांची यादीही आली. यादी छापलेली आहे, म्हणून आजचा अभ्यासक त्याच गावात जाऊन पाहू शकतो की राई तेव्हा होती, आता किती उरली. यादी नसती तर काय गेलं तेही कळलं नसतं.

आता हा उपयोग मोजायचा कसा?

पहिली रीत म्हणजे माहिती किती जणांनी घेतली ते मोजणं. पण आपल्याला ठाऊक आहे, गटातून कर्ज किती जणींनी उचललं यावरून कुणाचा संसार सावरला ते कळत नाही. शेळी घेतली का, ती व्याली का, हे पाहावं लागतं.

दुसरी रीत, किती अभ्यासांत ती वापरली ते पाहणं. 'जीबिफ' नावाचं एक जागतिक भांडार आहे. झाडं, पक्षी, प्राणी यांच्या नोंदी तिथे सर्वांना खुल्या असतात. कुणी नोंदी उतरवून घेतल्या की त्यांना कायमचा क्रमांक मिळतो, जणू पावतीच. लेखात तो क्रमांक दिला, की मूळ नोंद कुणाची होती तिथपर्यंत माग काढता येतो.

तिसरी रीत सगळ्यात अवघड. त्या माहितीमुळे एखादा निर्णय बदलला का? तोड थांबली का? राई राखली गेली का? याला वर्षं लागतात, आणि हे कागदापेक्षा गावातच जास्त दिसतं. म्हणून मोजणाऱ्यांत आपणही हवं.

मात्र सगळंच खुलं करायचं नसतं. दुर्मीळ औषधी झाडाची नेमकी जागा जाहीर झाली तर झाड मुळासकट जाईल. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतीची जैवविविधता समिती असते आणि तिने लोकांना विचारून नोंदवही करायची असते. आपल्या गावची वही कुठे आहे ते ग्रामसभेत विचारा.

आणि पुढच्या वेळी अभ्यासक आले की तीन गोष्टी विचारा. माहिती कुठे ठेवणार? गावाचं नाव लिहिणार का? मराठीत एक प्रत ग्रामसभेला कधी देणार? उत्तरं तारखेसह गटाच्या वहीत लिहा. वर्षाने ते पान उघडा. आपलं मोजमाप तिथूनच सुरू होईल.