वार आणि नाळ : गर्भपोषणाची व्यवस्था

‘बाळ आईच्या पोटात असते’ एवढेच उत्तर मुलांना बहुधा मिळते. त्यामुळे आईने खाल्लेले अन्न ज्या पिशवीत जाते तिच्यातच बाळ असते, अशी त्यांची समजूत होते. वस्तुस्थिती निराळी आहे, आणि ती शिक्षकास स्वच्छ शब्दांत सांगता आली पाहिजे.

गर्भाशय, म्हणजेच गर्भपिशवी, हा जाड स्नायूंचा पोकळ अवयव होय. एरवी त्याची लांबी सुमारे ७.५ सेंटिमीटर असते व वजन १०० ग्रॅमहूनही कमी भरते. दिवस भरतेवेळी तेच वजन सुमारे १ किलोग्रॅम होते. बीजवाहिनीत फलित झालेले बीज सुमारे आठवड्याने गर्भाशयाच्या मऊ अस्तरात रुजते. प्रारंभी हे अस्तर अंडाशयातील स्रावामुळे टिकते. पुढे ते कार्य वार करते.

वार ही मुख्यतः गर्भापासून वाढते. पूर्ण वाढ झाल्यावर ती अर्धा किलोग्रॅमच्या आसपास भरते. ओढ्याकाठच्या झाडाची मुळे पाण्यात पसरावीत, तसे तिचे बारीक अंकुर आईच्या रक्तात पसरलेले असतात. तथापि मूळ आणि पाणी यांमध्ये जशी साल, तसा या दोन रक्तांमध्ये पातळ पडदा असतो. प्राणवायू, साखर, लोह इत्यादी द्रव्ये या पडद्यातून बाळाकडे जातात, आणि कर्बवायू व टाकाऊ द्रव्ये आईकडे येतात. नाळेतील एक नीला बाळाकडे शुद्ध रक्त नेते व दोन रोहिण्या अशुद्ध रक्त परत आणतात. पाणमोटेतील गर्भजल धक्क्यांपासून रक्षण करते, तर गर्भाशयाचे मुख घट्ट श्लेष्म्याने बंद राहते.

मात्र वारेचा पडदा म्हणजे अभेद्य भिंत नव्हे. गरोदरपणाच्या आरंभी आईस रुबेला झाल्यास बाळास मोतीबिंदू होऊ शकतो, हे ऑस्ट्रेलियातील नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ साली दाखवून दिले. तंबाखूतील निकोटिनही पडद्यातून पार होते. म्हणून मिशरी लावणारी गरोदर स्त्री ती एकटीच लावीत नसते. याउलट, ग्रहणात भाजी चिरल्याने बाळाचा ओठ फाटतो ही समजूत निराधार आहे. ग्रहणाची सावली वारेतून जात नाही. मात्र ग्रहणापायी गरोदर स्त्रीस उपाशी व तहानेली ठेवणे अपायकारक होय.

बाळाच्या शरीरातील लोहाचा बराचसा साठा शेवटच्या तीन महिन्यांत आईकडून येतो. मेंदू व मज्जारज्जू ज्या नलिकेपासून बनतात, ती गर्भधारणेनंतर सुमारे चार आठवड्यांतच मिटते. तिला फॉलिक आम्ल लागते, आणि तोवर कित्येक स्त्रियांना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. तात्पर्य, ही तयारी गरोदरपणापूर्वीच झालेली असावी लागते.

शाळेत दर आठवड्यास दिली जाणारी लोह व फॉलिक आम्लाची गोळी मुली पुष्कळदा दप्तरात ठेवतात किंवा फेकून देतात. तिचा पहिला लाभ त्या मुलींनाच होतो, कारण रक्तक्षय टळतो व अभ्यासात लक्ष लागते. शिक्षकांनी फळ्यावर गर्भाशय, वार व नाळ यांची आकृती काढून हे कारण समजावून द्यावे, आणि गोळी जेवणानंतर आपल्यासमक्ष घेतली जाईल असे पाहावे.