संबंधित नोंदींचा संगणकीय शोध

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १९१० साली अमेरिकन ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बॉर्डन यांस पाचारण करून संस्थानातील ग्रंथालयांची शास्त्रशुद्ध घडी बसविली. ग्रंथ, ग्रंथकार आणि विषय यांची परस्परांशी सांगड घालणे हे कोणत्याही ग्रंथसूचीचे मुख्य कार्य होय. संगणकावरही नेमके हेच साधावयाचे असते.

एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या पद्धतीनुसार माहिती निरनिराळ्या तक्त्यांत ठेवतात. ग्रंथाच्या नोंदीत ग्रंथकाराचे नाव पुन्हा न लिहिता केवळ त्याचा क्रमांक नोंदवितात. त्यामुळे नावातील दुरुस्ती एकाच ठिकाणी करावी लागते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या जँगोसारख्या प्रणालीत तक्त्यातील प्रत्येक नोंद ही एक वस्तू मानली जाते. आज्ञावलीकार ‘या ग्रंथाचा ग्रंथकार’ एवढेच विचारतो. माहितीसंचास समजणारा प्रश्न प्रणाली स्वतः तयार करते.

मात्र या सोयीत दोन धोके संभवतात. समजा, ५०० हस्तलिखितांची यादी कर्त्यांच्या नावांसह हवी आहे. यादीसाठी एक आणि प्रत्येक कर्त्यासाठी एक, असे ५०१ प्रश्न माहितीसंचाकडे जाऊ शकतात. दोन्ही तक्ते आरंभीच जोडून मागविल्यास हेच काम एका प्रश्नात होते. एका ग्रंथाशी अनेक नोंदी निगडित असतील, तर त्या दुसऱ्या प्रश्नाने एकत्र आणविणे श्रेयस्कर ठरते.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे, कारण तो दृष्टीस पडत नाही. बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिरासारख्या संग्रहांत जतन होणाऱ्या प्राचीन वाङ्मयात अनेक रचनांचे कर्ते अज्ञात असतात. दोन्ही तक्त्यांत जुळणाऱ्या नोंदीच घेणारी ‘आंतरजोडणी’ वापरल्यास अशा पोथ्या यादीतून निमूटपणे गळतात. कोणतीही त्रुटी दर्शविली जात नाही; पोथी कपाटात असूनही अभ्यासकाच्या लेखी ती नाहीशी होते. यास्तव येथे ‘बाह्यजोडणी’ वापरावी. तिच्यामुळे कर्त्याचा रकाना रिकामा राहिला, तरी पोथीची नोंद कायम राहते.

मूळ तक्त्यातील पोथ्यांची संख्या आणि यादीत आलेल्या पोथ्यांची संख्या ताडून पाहिल्याखेरीज यादी प्रमाण मानू नये. हीच दक्षता जमिनीचे वा निवृत्तिवेतनाचे अभिलेख शोधतानाही आवश्यक आहे. तेथे गळालेली एक नोंद म्हणजे हक्कापासून वंचित राहिलेला एक नागरिक होय.