बिदरी घेताना दुकानदाराला विचारायचे प्रश्न

भालकी-बसवकल्याणकडे लग्नात बिदरी फुलदाणी देताय? मग बिलाआधी चार शब्द बोला.

'एथिकल ब्रँड' म्हटलं की आपण परदेशी नावं शोधतो, पण आपल्या बीदरच्या बिदरीला 2006 सालीच जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय. पहिला प्रश्न: माल अस्सल आहे का? अस्सल बिदरी म्हणजे जस्त आणि थोड्या तांब्याचा ओतीव तुकडा. त्यावर छिन्नीनं नक्षी कोरून चांदीची तार नाहीतर पत्रा बसवतात. शेवटी बीदरच्या किल्ल्यातली जुनी माती आणि नवसागर यांच्या गरम पाण्यात तो बुडवतात. मिश्रधातू काळाभोर होतो, चांदी मात्र तशीच लखलखते. हा काळेपणा रंग नव्हे, त्यामुळे रंगासारखे पोपडे निघाले तर माल संशयास्पद समजा. लोहचुंबक चिकटला तर आत लोखंड आहे, तिथून सरळ निघा. (न चिकटला म्हणून अस्सल ठरत नाही हं, ॲल्युमिनियमलाही तो चिकटत नाही.)

पुढचा प्रश्न: कुणी घडवलं? जीआय कायद्यात कारागिरांना 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंदणी करता येते. ती आहे का, हे बिनधास्त विचारा. बीदरचे बिदरी कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना 2023 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. पण बाकीच्या कारागिरांना निदान नावानं ओळखणारं गिऱ्हाईक तरी हवं. माझं मत विचाराल तर घासाघीस प्लास्टिकच्या बादलीवर करा, इथे नको.

किराण्यातही हेच. कलबुर्गीच्या तूरडाळीलाही 2019 पासून जीआय आहे. पाकिटावर जीआयची खूण बघा, पॉलिशची चकाकी नको.