शोधाच्या कमाईतून वृक्षारोपण

बाजारभाव व हवामान इंटरनेटवर पाहणाऱ्या शेतकरी बंधूंस ‘इकोसिया’ या शोधयंत्राची माहिती द्यावी, असे आम्हांस वाटते. ख्रिस्तियान क्रोल यांनी सन २००९ मध्ये जर्मनीत ते सुरू केले. त्याच्या नफ्यातून झाडे लाविली जातात. नुसत्या शोधाने पैसा येत नाही. कोणी जाहिरात उघडली म्हणजे जाहिरातदार पैसे भरितो. नफा मालकांनी घेऊ नये अशी तजवीज सन २०१८ मध्ये झाली असून दरमहा जमाखर्चही प्रसिद्ध होतो. हे स्तुत्य होय. तथापि कारकुनीत आम्ही कागदावर हिरवी व बांधावर वाळलेली रोपे पुष्कळ पाहिली. लाविलेल्यांपेक्षा जगलेल्यांची मोजदाद महत्त्वाची. शोध तेथे अवश्य करावा. आपल्या रोपास उन्हाळ्यात पाणी मात्र आपणच घालावे.