'अ'च्या पानावरची जपानी गाणी



अंगाईगीतांच्या कार्यक्रमानंतर दोन-तीन गटांकडून निरोप आला, की परदेशातल्या बायका मुलांना काय गाऊन खेळवतात, झोपवतात, तेही एकदा सांगा. म्हणून आज जपान. गाणी हजारो असणार, सगळी कुठून सांगणार? आम्ही सोपी वाट धरली. जपानी गाण्यांच्या पुस्तकात 'अ'चं पान उघडायचं आणि 'अ'वरून सुरू होणारी चार-पाच गाणी बघायची.

'अ'चं पान म्हटल्यावर काहीजणी हसल्या असतील. जपान्यांचा 'अ' कुठला? पण आहे. त्यांची अक्षरं अशी म्हणतात: अ, इ, उ, ए, ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. आपल्या अंगणवाडीतल्या पोरांनाही हा क्रम ओळखीचा वाटेल. कारण तसंच आहे. बौद्ध धर्माबरोबर संस्कृत मंत्र आणि ते लिहायची लिपी चीनमार्गे जपानात गेली. तिथल्या भिक्षूंनी ती शिकून घेतली आणि आपल्या वर्णमालेच्या धर्तीवर स्वतःच्या भाषेतले आवाज लावले. त्या तक्त्याला ते 'गोजूओन' म्हणतात, म्हणजे पन्नास आवाज. आज वापरात ४६ अक्षरं आहेत, नाव मात्र पन्नासांचंच राहिलं. शब्दकोश असो, शाळेची हजेरी असो की कॅराओकेचं जाडजूड पुस्तक, सगळं याच क्रमाने लागतं. त्यांचा 'अ' कानाला आपल्या 'आ'सारखा लागतो, फक्त आखूड. म्हणून गाण्यांची नावं आम्ही 'आ' लावून सांगणार आहोत.

'आमेफुरि' म्हणजे पाऊस पडतोय. हे गाणं १९२५ सालचं, कवी किताहारा हाकुशू. आई छत्री घेऊन मुलाला न्यायला आली आहे, वाटेत झाडाखाली एक पोर भिजत रडतंय, तर मुलगा आपली छत्री त्याला देऊन टाकतो आणि आईच्या मोठ्या छत्रीत शिरतो. गोड गाणं. 'आंतागाता दोकोसा' हे मुलींचं चेंडू आपटायचं गाणं, तुम्ही कुठल्या गावच्या, असं विचारणारं. ओळीच्या शेवटी 'सा' आला की चेंडूवरून पाय फिरवायचा. आपल्या भोंडल्या-फुगडीच्या जवळचं. ही दोन नुसती खेळायची.

आता 'आका तोंबो'. आका म्हणजे लाल, तोंबो म्हणजे चतुर, तो लांब शेपटीचा, पावसाळा सरताना शेतावर उडणारा. जपानात हे गाणं येत नाही असा माणूस सापडणं अवघड. शब्द मिकी रोफू यांचे, १९२१ चे. यामादा कोसाकू यांनी १९२७ मध्ये चाल दिली. चाल इतकी संथ आणि सोपी, की ऐकणाऱ्याला वाटतं, संध्याकाळचं छान वर्णन असेल.

पण गाणं वर्णनाचं नाही. एक मोठा झालेला माणूस आठवतो आहे. लहानपणी कुणाच्या तरी पाठीवर बांधलेला असताना त्याने लाल चतुर पाहिला होता. डोंगराकडच्या शेतात तुती तोडून छोट्या टोपलीत भरली होती. तुती म्हणजे तीच, जिच्या पाल्यावर रेशमाचे किडे पोसतात. आणि मग तिसऱ्या कडव्यात कळतं, की ती पाठ आईची नव्हती. ती 'नेया'ची होती. हा शब्द बहिणीवरून आलेला, 'ताई'सारखा, पण वापरत तो घरी कामाला ठेवलेल्या पोरीला. ही ताई पंधराव्या वर्षी लग्न होऊन गेली आणि गावाकडची खबर येणंही थांबलं. एवढंच. पुढच्या कडव्यात पुन्हा चतुर, काठीच्या टोकावर बसलेला.

या गाण्यात एक गंमतही आहे. 'पाठीवर घेतलेला' आणि 'पाठलाग केलेला' हे दोन्ही शब्द जपानीत कानाला सारखेच लागतात. त्यामुळे कितीतरी मुलांना वाटतं, की कुणीतरी चतुराच्या मागे धावतंय. ती पाठीवरची पोरगी ऐकणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही.

पंधरा वर्षं म्हणजे किती? त्या काळी जपानात मूल जन्मलं की एक वर्षाचं धरत आणि प्रत्येक नवीन वर्षाला एक वाढवत. म्हणजे आपल्या हिशोबाने ती तेरा-चौदाची. १८९८ च्या त्यांच्या कायद्याने मुलीला पुऱ्या पंधराव्या वर्षी लग्नाला परवानगी दिली होती, मुलाला सतराव्या. दुसऱ्या महायुद्धानंतर मुलीचं वय सोळा झालं. मुलगा-मुलगी दोघांना अठरा, हे जपानात एप्रिल २०२२ मध्ये आलं. आपल्याकडे मुलीचं अठरा १९७८ पासून कायद्यात आहे. कायद्यात आहे, असंच म्हणतो आम्ही. आपापल्या गावात गेल्या उन्हाळ्यात किती मांडव पडले आणि त्यात नववी-दहावीतल्या किती होत्या, ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक.

मग आई कुठे होती? रोफूंचा जन्म १८८९ चा, ह्योगो प्रांतातल्या तात्सुनोचा. ते पाच-सहा वर्षांचे असताना आईवडील वेगळे झाले. आई काता तान्ह्या धाकट्याला घेऊन माहेरी गेली. थोरला सासरच्या घराण्याचा, म्हणून तो मागे राहिला. त्या काळची रीत तशीच होती, मूल घराण्याचं, आईचं नव्हे. रोफू आजोबांकडे वाढले, कामाच्या पोरीच्या पाठीवर. गावाकडची खबर थांबली, याचे लोक दोन अर्थ लावतात. कुणी म्हणतं, त्या ताईचीच खबर येईना. कुणी म्हणतं, आईच्या गावची खबर तिच्याकडून कळायची, ती वाट बंद झाली. आम्हाला दुसरा अर्थ जास्त लागतो, पण गाणं काही सांगत नाही.

कातांची गोष्ट मात्र इथे संपत नाही. त्या रडत बसल्या नाहीत. परिचारिकेचं शिक्षण घेतलं, पुन्हा लग्न केलं आणि पुढे बायकांच्या मताच्या हक्कासाठी चळवळीत उतरल्या. जपानी बायकांना हा हक्क डिसेंबर १९४५ मध्ये मिळाला. १० एप्रिल १९४६ ला त्यांनी पहिल्यांदा मत टाकलं आणि ३९ बायका निवडून आल्या. काता तेव्हा हयात होत्या. १९६२ मध्ये त्या गेल्या. त्यांच्या थडग्यावर कोरलं आहे, की इथे 'आका तोंबो'ची आई विसावली आहे.

याच पानावर 'आकाइ कुत्सु' आहे, लाल बूट. नोगुची उजो यांचं गाणं, चाल १९२२ ची. लाल बूट घातलेल्या एका मुलीला परदेशी माणूस योकोहामा बंदरातून बोटीने घेऊन गेला, आता तिचे डोळेही निळे झाले असतील, असं त्यात म्हटलं आहे. कितीतरी वर्षं लोकांना ही कल्पनाच वाटली. १९७३ मध्ये एका बाईने वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, की ती मुलगी माझी थोरली सावत्र बहीण. एका टीव्ही पत्रकाराने काही वर्षं शोध घेतला. त्यातून जे पुढे आलं ते असं: किमी नावाची मुलगी, आई एकटी, पोटासाठी उत्तरेला होक्काइदोत नवी जमीन फोडायला निघालेली. तिथल्या थंडीत लेकरू जगणार नाही, म्हणून ते अमेरिकन धर्मप्रचारक जोडप्याकडे दिलं. त्यांना मायदेशी परतायची वेळ आली तेव्हा मुलीला क्षय झालेला होता. बोटीवर घेता येईना. टोकियोतल्या अनाथाश्रमात ती १९११ मध्ये नऊ वर्षांची होऊन गेली. आई मात्र मरेपर्यंत समजत होती, की लेक अमेरिकेत सुखात आहे. गाण्यातली मुलगी हीच, हे सगळे अभ्यासक मान्य करत नाहीत. तरी टोकियोच्या आझाबू भागात किमीचा छोटा पुतळा आहे आणि येणारे-जाणारे तिच्या पायाशी नाणी ठेवतात. ती नाणी गरजू मुलांसाठी जातात.

उजो यांचंच आणखी एक, 'आओइ मे नो निंग्यो', निळ्या डोळ्यांची बाहुली. हे १९२१ चं. पुढे १९२७ मध्ये अमेरिकेतल्या मुलांनी मैत्री म्हणून बारा हजारांहून जास्त बाहुल्या जपानी शाळांना पाठवल्या, तेव्हा लोकांनी त्यांना याच गाण्याचं नाव दिलं. युद्धात त्या शत्रूच्या ठरल्या. जाळल्या, मोडल्या. काही शिक्षकांनी लपवून ठेवल्या, म्हणून तीनशेच्या आसपास उरल्या.

आता एक बघा. आपल्या जात्यावरच्या ओवीत बाई स्वतः बोलते, सासर-माहेर, दुखणं-खुपणं सगळं स्वतःच्या तोंडाने सांगते. या 'अ'च्या पानावर तसं नाही. ताईची गोष्ट तिच्या पाठीवरचं मूल सांगतं, लाल बुटांची गोष्ट कुणी तिसराच. त्या पोरी स्वतः काय गात होत्या?

त्यासाठी पान उलटावं लागतं. 'अ'नंतर 'इ'. तिथे आहे 'इत्सुकी नो कोमोरिउता', इत्सुकी गावचं अंगाईगीत. इत्सुकी हे कुमामोतो भागातलं डोंगरातलं खेडं. जमीन थोड्या घरांच्या हातात. कुळांच्या घरात खाणारं एक तोंड कमी व्हावं, म्हणून आठ-दहा वर्षांच्या पोरींना दुसऱ्याकडे मूल सांभाळायला पाठवत. त्याला जपानीत शब्दच आहे, 'कुचिबेराशी', म्हणजे तोंड कमी करणं. ही अंगाई त्या पोरींनी रचलेली, कवीचं नाव नाही. मूल झोपावं म्हणून ती आहेच, पण खरं तर ती स्वतःशी बोलणं आहे. पितरांच्या सणाला, म्हणजे 'बोन'ला, घरी जायचं, त्याचे दिवस ती मोजते. मालकाच्या घरातल्यांचे चांगले कपडे आणि आपली गरिबी शेजारी-शेजारी ठेवते. मग म्हणते, मी मेले तर कोण रडेल? रस्त्याच्या कडेला पुरा, जाणारे-येणारे फूल वाहतील. आणि फुलाला पाणी? ते आभाळातून पडेल.

पाठीवरचं मूल तोवर झोपलेलं असतं.

मैत्रिणींनो, आता याच गाण्याची चाल लावतो आहोत. शब्द जपानी आहेत, आवाज जरा मोठा करून ऐका.